सुपारी लागणारं झाड

॥ श्रीमहागणपती ॥

कानगद्दे, ता. शिरसी
१४ नोव्हेंबर १९९४

चि. गणपती यास,
थोरल्या अक्काचे आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र आलं. चार पानं वाचून एवढंच कळलं की धारवाडात थंडी पडलीय आणि तुझा गुडघा धरतो. हे कार्डावर मावलं असतं.

इकडे पहिली काढणी सुरू झाली. बीरा गौडा गेल्या वर्षी आपल्याच बागेत झाडावरून पडून गेला, तेव्हापासून या टापूत पोफळीवर चढणारा माणूस मिळत नाही. बीराच्या मुलाला विचारलं तर तो म्हणे, अम्मा, गोव्यात हॉटेलात भांडी घासीन, पण त्या झाडाला हात लावणार नाही. मग आमचा विघ्नाच चढतो. लहानपणी बीराच्या मागं मागं हिंडायचा, मी ओरडायचे, तेच आता कामाला आलं. बसायची फळी आणि कोयता घेऊन वर जातो, आणि एकदा वर गेला की खाली उतरत नाही. आकडीनं शेजारच्या झाडाचा शेंडा ओढतो आणि तसाच पलीकडे. घड दोरावरून सरसरत खाली. दोर धरायला आपला गडी मंजा आहे. शेजारची सरस्वती कुंपणावरून म्हणाली, हेगड्यांचा मुलगा झाडावर, काय दिवस आले. मी म्हटलं, झाडावरच चढतोय, कुणाच्या डोक्यावर नाही.

शुक्रवारी त्याला सुपारी लागली. सोलणाऱ्या बायका ओळीनं बसल्या होत्या, हा ओली सुपारी हंड्यात ओतत होता. मागे बागेत काहीतरी पडलं, आणि हा टोपली टाकून खांबाला मिठी मारून उभा. सदरा घामानं भिजला, तोंड पांढरंफटक. छाती आवळते म्हणे, श्वास पुरत नाही, हातापायांना मुंग्या. आयी, मी मरतो, म्हणाला. बायका हसायला लागल्या. सोलणाऱ्यांतली गिरिजा म्हणाली, बागाईतदाराच्या मुलाला सुपारी लागली म्हणजे माशाला पाणी बाधलं. मी ताकात मीठसाखर घालून तांब्याभर पाजलं आणि टाळूवर पाणी थापलं. थोड्या वेळानं उतरली. मग ओशाळून दिवसभर बायकांकडे पाठ करून काम करत राहिला.

कुंपणाकडच्या वाकड्या पोफळीचं काम आहे ते. सासूबाईंच्या वेळेपासून तिची सुपारी लागते. तिचे घड वेगळे टाकायला सांगितलेत.

गुडघ्याला तेल लाव. उत्तर लवकर दे, पण आखूड. माया आहे तेवढी आहे, लिहून वाढत नाही.

भागीरथी


धारवाड
२३ नोव्हेंबर १९९४

ती. अक्कास,
गणपतीचा सा. न. वि. वि. जन्मभर पोस्टात नोकरी केली, तरी आखूड पत्र लिहायला मला कुणी शिकवलं नाही. लोक आखूड लिहायला लागले तर पोस्टाचं कसं चालायचं?

विघ्नेश्वराचं वाचून आधी हसू आलं. मला माझ्या मुंजीत सुपारी लागली होती, आठवतं? पाहुण्यांच्या तबकातली चोरून खाल्ली आणि देवघरात आडवा झालो. आता मरतोच म्हणून आयीला बजावलं होतं की माझा भोवरा अक्काला देऊ नको. तू तेव्हाही मला ताकच पाजलं होतंस, आणि भोवराही घेतला होतास.

पण अक्का, पत्र घडी घालून ठेवलं आणि परत काढलं. मला लागली तेव्हा माझ्या गालात सुपारी होती. विघ्नेश्वराच्या गालात होती का? तू बघितलीस का? नुसत्या वासानं किंवा हात लावून सुपारी लागल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आणि भावजी छातीनंच गेले. ओसरीवर बसले होते आणि बसल्या जागी गेले, हे तू विसरली नसशील. पोरगा तिशीचा आहे हे खरं. तरी शिरसीला नेऊन त्याच्या छातीचा कार्डिओग्राम काढ. फुकटची धावपळ म्हणशील. म्हण, पण ने.

जेवतो का? झोपतो का? तुझं स्वतःचं काय, ते तू कधीच लिहीत नाहीस. माझ्यावर रागावलीस तरी चालेल, पण पत्रातून रागाव, म्हणजे निदान पत्र तरी येईल.

तुझा भोवरेवाला,
गणपती


कानगद्दे
१८ डिसेंबर १९९४

चि. गणपती यास,
आशीर्वाद. वि. वि. रागवायला वेळ नाही. काढणी, सोलणं, शिजवणं, माचावर वाळवणं, सगळं एकदम गळ्यात आलंय.

त्याला आणखी तीनदा लागली. एकदा देवळात, आरती चालू असताना. एकदा शिरसीच्या बसमध्ये, तर म्हणे गाडी थांबवा, मला उतरवा. कंडक्टरनं उतरवलं आणि हा गटाराच्या कडेला बसून राहिला. एकदा तर जेवताना, पानातला भात तसाच. प्रत्येक वेळी तेच, मी मरतो. प्रत्येक वेळी मेला नाही.

मी ती वाकडी पोफळ तोडून टाकली. बुडापासून. सासूबाईंनी लावलेली होती, पण माणसाला बाधणारं झाड ठेवून करायचंय काय. झाड गेलं तरी लागतेच. मग घरातलं विड्याचं तबकच उचलून माळ्यावर टाकलं. सुपारीच्या बागा असलेल्या घरात आल्यागेल्याला विडा नाही, म्हणजे काय ते तुला सांगायला नको. सागर गावचे, विघ्नाला मुलगी द्यायला निघालेले सोयरे आले होते, त्यांनी हळूच विचारलं की घरात काही सुतक आहे का. मी म्हटलं, आहे, विड्याचं. मी सोडल्याशिवाय तो सोडायचा नाही म्हणून मीही विडा सोडला. जन्माची सवय. जीभ लाकूड झालीय.

तू विचारलंस की गालात सुपारी होती का. मी विचारलं त्याला. त्यानं मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते बघायला मी थांबले नाही. हंड्याखालचा जाळ विझत होता.

कार्डिओग्राम काढला. छातीला वायरी लावल्या, पट्टी निघाली. डॉक्टर म्हणाला, काळीज बैलासारखं दणकट आहे, टॉनिक घ्या. झालं का समाधान? म्हणजे दुखणं काहीच नाही, नुसता बाऊ.

आता तू विचारलंस म्हणून सांगते. जेवत नाही. काकवीबरोबर दहा तेळेवु, ती पातळ घावनं, खाणारा मुलगा, आता एकातलं अर्धं ठेवतो. झोपेत दात खातो, इतके की भिंतीपलीकडे मला करकर ऐकू येते. सकाळी जबडा उघडत नाही म्हणतो. मान अशी आखडलीय की मागं बघायचं तर सगळा वळतो. चढायच्या दिवशी सकाळी पोट बिघडतं, तीनतीनदा जाऊन येतो. उशीवर केस पडलेले असतात. आणि बागेत विरी पडली तरी उडतो. पोफळीच्या बागेत विऱ्या पडणारच. खोडाला वेढलेली ती, वाळली की झावळीसकट धप्पकन येते खाली. इथेच जन्मला, विरीवर बसवून पोरं त्याला ओढायची, आणि आता तिच्या आवाजानं टोपल्या टाकतो.

माझं ठीक. आंबट ढेकरा येतात, झोप लागत नाही, ते विडा सोडल्यामुळे.

काम हेच औषध. पुढच्या मंगळवारी दुसरी फेरी. चढला की सगळं बरं होईल. तुझ्या गुडघ्यालाही तेच सांग.

भागीरथी


शिरसी, पोस्ट ऑफिसच्या बाकावरून
२९ डिसेंबर १९९४

ती. मामांस,
विघ्नेश्वराचा सा. न. वि. वि. हे पत्र आयीला कळू देऊ नका. खत आणायला म्हणून आलोय, घरी बसून लिहिता येत नाही. ती अक्षर ओळखते आणि तोंडही ओळखते.

मामा, मी वर्षभरात सुपारी तोंडात घातलेली नाही. एक तुकडासुद्धा नाही. बीरा पडला तेव्हा खाली दोर मीच धरला होता. दोर एकदम ढिला झाला आणि मागे धप्प आवाज आला. मी धावलो तर त्याचं तोंड लाल. मला आधी वाटलं रक्त. मग वाटलं नाही, तो नेहमी विडा खातो, विडाच आहे, आणि मी चक्क हसलो सुटकेनं. ते दोन्ही होतं. त्या दिवसापासून विडा नाकाशी आला तरी मला ओकारी येते. मी न खाता तबकातली सुपारी खिशात टाकायचो, म्हणून आयीला वाटलं मी खातो.

सुपारी लागली असं तीच म्हणाली. कारण मिळालं की तिला धीर येतो, हे मला दिसलं. म्हणून मी गप्प बसलो. ताक प्यायलो. तिनं आजीचं झाड तोडलं तेव्हा सांगायला हवं होतं, पण कुऱ्हाड तीच चालवत होती आणि तिचा चेहरा मला बघवेना.

ते येतं कसं सांगू? विरी पडते, किंवा काहीच पडत नाही, आणि छातीत कुणीतरी मूठ आवळतं. काळीज गळ्यात येऊन धडधडतं. बोटं माझी राहत नाहीत, लाकडाची होतात. आवाज लांबून येतात, घरचं अंगण परक्याचं वाटतं. आणि मनात एकच, हेच ते, अप्पय्या गेले तेच हे. मग ओसरतं आणि मी धुतलेल्या फडक्यासारखा पडून राहतो. त्याच्यापेक्षा वाईट मधले दिवस. आता येईल, आता येईल. देवळात आलं म्हणून देवळात जात नाही, बसमध्ये आलं म्हणून आज शिरसीला चालत आलो. येईल या भीतीनंच येतं, हे कळतं, तरी येतं.

आजवर झाडावर कधी आलं नव्हतं. मंगळवारी आलं. दोन झाडांच्या मधे होतो, एक पाय इकडे, शेंडा हातात. हाताला शेंडा धरल्याचं कळेना. मी हात सोडतोय की धरतोय तेच कळेना. डोळे मिटून खोडाला छाती लावली आणि तसाच चिकटून राहिलो. खालून मंजा ओरडत होता, काय झालं हेगडेरे. मी म्हटलं, तांबडा मुंगळा चावला. उतरलो तेव्हा छातीची सालं निघाली होती. आयीला सांगितलं, खोड खरखरीत होतं.

काळीज चांगलं आहे असं डॉक्टर म्हणतो. मग डोक्यातच बिघाड असणार. आपल्यात कुणी वेडं झालं होतं का मामा? मला खरं सांगा. शेवटची फेरी उरलीय, आयी तिचा दिवस ठरवते आहे. मी चढणार नाही म्हटलं तर बाग कोण काढणार? आणि चढलो तर मला ठाऊक आहे काय होणार. डोळे मिटले की मला तोच धप्प आवाज ऐकू येतो, फक्त आता पडणारा बीरा नसतो.

उत्तर घरी पाठवू नका. पाठवलंत तर गुडघ्याबद्दल लिहा.

तुमचा भाचा,
विघ्नेश्वर


धारवाड
३ जानेवारी १९९५

चि. विघ्नेश्वरास,
मामाचे आशीर्वाद. हे पत्र तुमच्या पोस्टमनच्या नावे पाठवून तुझ्याच हातात द्यायला सांगितलंय. पोस्टात एवढी तरी ओळख उरलीय. अक्काला वेगळं कार्ड टाकलं आहे की माझा गुडघा पार गेला, विघ्नेश्वराला आठवडाभर पाठव. तू ताबडतोब ये. बसमध्ये आलं तर येऊ दे, शेजारी बसणाऱ्याला सांगून ठेव, पण ये. आणि इथे येईपर्यंत झाडावर पाऊल ठेवायचं नाही. ही विनंती नाही.

आपल्यात वेडं कुणी नव्हतं. हट्टी मात्र सगळे, आणि त्यांची पुढारी तुझी आयी.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक डॉक्टरीणबाई बसतात, मनाच्या दुखण्याच्या. तुझं नाव न सांगता तुझं पत्र वाचून दाखवलं. त्या मधेच म्हणाल्या, पुढचं मी सांगते, आणि तू लिहिलेलंच बोटांचं आणि परक्या अंगणाचं सांगितलं. मला काटा आला. म्हणजे हे पुष्कळांना होतं, विघ्नेश्वरा. याला नाव आहे. आधी काळीज तपासलंत ते बरोबर केलंत, म्हणाल्या. ते नीट असेल तर हे जिवावरचं नाही.

मला समजलं ते असं. घरात एकदा खरा चोर शिरला की कुत्रं नंतर पानं हलली तरी भुंकतं. कुत्रं खोटं नाही, भुंकणंही खरं, चोर मात्र नाही. तुझं अंग वर्षभर राखण करत बसलंय. जेवताना राखण, झोपेत राखण. मग दात, मान, पोट, केस सगळीकडून ते बोलणारच. आलं की पळू नये, भांडू नये. ते चढतं तसं आपोआप उतरतं. श्वास ओढत बसायचा नाही, सावकाश लांब सोडायचा. बाकीचं त्या समोर बसवून शिकवतील, लागलं तर गोळीही देतील. आणि बीराचं सगळं त्यांना सांगायचं. हसलास तेसुद्धा.

लवकर ये. मी स्टँडवर उभा राहीन, गुडघ्यासकट.

मामा


कानगद्दे
२४ जानेवारी १९९५

गणपती,
आशीर्वाद देते, कारण ती रीत आहे. नाहीतर आज द्यायची इच्छा नव्हती.

गुडघा म्हणून मुलाला बोलावलंस आणि डोक्याच्या डॉक्टरकडे नेलंस. तो घरी आला आणि पाय धुवायच्या आधी उंबऱ्यात उभा राहून सगळं सांगितलं. सुपारी खात नव्हता तेही. बीराच्या तोंडाचंही. मी आत जाऊन तांदूळ निवडत बसले. निवडलेलेच परत निवडले.

मनाचं दुखणं म्हणे. आमच्या वेळी मन नव्हतं का? होतं, पण त्याला कामाला लावलेलं होतं. मालक गेले त्याच्या पंधराव्या दिवशी मी हंड्यापुढे बसले. कुणी विचारलं नाही छातीत काय होतं म्हणून, आणि मी सांगितलं नाही. सागरच्या सोयऱ्यांच्या कानावर हे गेलं तर ते मुलगी देतील का? सरस्वती कुंपणाशी आली होती, धारवाडला का गेला होता म्हणून विचारायला. तुझ्या गुडघ्याची पार चाळण केली मी तिच्यापुढे.

एवढं खरं की बरा दिसतो. जेवतो. ओसरीवर बसून फुसफुस श्वास सोडतो, मी बघत नाही असं दाखवते. काल बसनं शिरसीला जाऊन आला, आणि येताना खिडकीत बसून आलो म्हणाला, जसा काही मोठा पराक्रम.

शेवटची फेरी राहिलीय. सुपारी झाडावर पिकायला लागली, आता थांबलो तर गळेल. सिद्धापूरचा एक खंडवाला दोनदा येऊन गेला, उरलेलं पीक मला द्या, माझी माणसं काढतील म्हणतो. या घरानं कधी झाडावरचं पीक खंडानं दिलेलं नाही. विघ्नाच म्हणाला, मी चढतो. डॉक्टरीण म्हणाली आहे म्हणे, की भीतीपासून कायमचं पळायचं नाही, पण हळूहळू, आधी लहान झाडं, आणि खाली आपलं माणूस हवं. मंजाला कावीळ झालीय. तेव्हा दोर मी धरणार आहे. गावाला बोलू दे.

तू विचारशील की मला भीती वाटत नाही का. असलं विचारायचं नाही. रोज सकाळी पोटात गोळा येतो, डावा हात जड होतो, पण ते पित्त आहे.

भागीरथी


कानगद्दे
९ फेब्रुवारी १९९५

चि. गणपती यास,
आशीर्वाद. वि. वि. आधी एवढं वाच की दोघंही जिवंत आहोत, हातपाय शाबूत आहेत. मग पुढचं वाच.

सोमवारी सकाळी तो चढला. खालच्या वाफ्यातली बुटकी झाडं. मी लुगडं खोचून दोर हाताला गुंडाळून उभी. दोर ताणून धरावा लागतो, नाहीतर घड आपटून सुपारी मातीत. सरस्वती कुंपणावर हजर होतीच. म्हणाली, भागीरथी, या वयात दोर धरतेस. मी म्हटलं, तू येतेस का, दुसरं टोक देते. ती गेली. दोन झाडं झाली. तो वरून म्हणाला, आयी, बरं आहे. मी म्हटलं, बोलू नको, काप.

तिसऱ्या झाडावर गेला आणि माझ्या पाठीमागे विरी पडली.

विरीच होती. मला माहीत होतं. कानांना माहीत होतं, छातीला माहीत नव्हतं. मला वळून बघवेना आणि वर बघवेना. वर बघितलं आणि तिथे तो नसला तर? पोटातून काहीतरी वर आलं आणि गळ्याशी अडकलं. काळीज असं धडधडायला लागलं की चोळी हलताना मला दिसत होती. घाम. बोटांना मुंग्या, मग बोटंच नाहीत. बाग लांब गेली. माझीच बाग, आणि मला ती कुणाची ते कळेना.

मनात काय आलं सांगू? सुपारी लागली. मी जिभेनं दाढा चाचपल्या. तोंडात काही नाही. कधीपासून काही नाही. घरात तुकडा नाही. मग मला कळलं की मी मरतेय.

दोर हलायला लागला. मला वाटलं तो हलतोय, तो पडतोय. ओरडायचं होतं, आवाज निघेना. हलत माझेच हात होते. एकच ठरवलं होतं की दोर सोडायचा नाही. मेले तरी हाताला गुंडाळलेला आहे, सुटायचा नाही.

त्यानं वरून दोर थरथरताना बघितला. कोयता तिथेच खोडात मारून घसरत खाली आला. मला वाटलं आता ताकासाठी धावेल. धावला नाही. मातीत माझ्यासमोर बसला आणि हाताचा दोर हळूहळू उलगडला. मी म्हटलं, छाती, तुझ्या अप्पय्यांसारखी. तो म्हणाला, आयी, मी ओळखतो याला. आणखी थोडं चढेल आणि मग उतरेल, मी इथून हलत नाही. चुलीत फुंकणीनं फुंकतेस ना, जाळ धरला की सावकाश फुंकतेस, तसा श्वास सोड. मी म्हटलं, मला शिकवू नको. मग फुंकला. तो माझ्याबरोबर फुंकत होता. दोघं भर बागेत, समोर चूल नाही, आणि फुंकतोय. चढलं आणि उतरलं. तो म्हणाला होता तसंच. मग रडू आलं, ते का ते मला विचारू नको.

ताक कुणी प्यायलं नाही. मी त्याला पहिल्यांदा विचारलं, दर वेळी हे असंच होत होतं का तुला? तो म्हणाला, असंच. झाडावरसुद्धा? तो म्हणाला, एकदा. मंगळवारी. आणि तो मंगळवार मीच ठरवला होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला शिरसीला नेलं. माझ्या वयाला आधी छातीच बघायची, बाकीचं मग, असं डॉक्टरीणबाईंनी शिकवून ठेवलंय त्याला. माझ्याही छातीला वायरी लावल्या. काळीज ठीक आहे, रक्तदाब चढलाय, गोळी दिलीय. डॉक्टरनं विचारलं, झोप कधीपासून नाही? मी म्हटलं, विडा सोडल्यापासून. विघ्ना म्हणाला, नाही, बीरा पडल्यापासून.

पीक खंडानं दिलं. सिद्धापूरची माणसं चढतात, मी तिकडे जात नाही, विघ्ना पण जात नाही. सरस्वती म्हणाली, अखेर दिलंस खंडानं. मी म्हटलं, दिलं. ती वाकडी पोफळ उगाच तोडली. तिच्या खुंटाशी एक रोप लावलंय.

विघ्ना पुढच्या आठवड्यात परत त्या बाईंकडे यायचा आहे. मीही येणार. तुझा गुडघा बघायला. सगळीकडे तसंच सांगितलंय, तेव्हा मी येईपर्यंत लंगडत राहा. बाईंना माझ्याबद्दल काही विचारायचं नाही. विचारलंसच तर शेजारच्या कुणाबद्दल म्हणून विचार. आणि तो तुझा भोवरा अजून माझ्या पेटीत आहे, येताना आणते.

काल दुपारी परसात विरी पडली. तो ओसरीवर होता, मी दारात. दोघांनी एकदम मान वर केली. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मग तो सावकाश फुंकायला लागला आणि मीही. ती विरी उचलून बाजूला करायला अजून कुणी गेलेलं नाही. जिथे पडली तिथेच आहे, आणि आता वाऱ्यानं हलली तरी मला कळतं.

गुडघ्याला जप. एवढंच लिहिते, बाकी समोर बसले की.

तुझी अक्का,
भागीरथी